घरच्यांचे आभार कसले मानायचे!

भाऊबीजेच्या सकाळी नगरच्या माळीवाडा स्टँडवर उभं राहिलं की महाराष्ट्रात बहिणी किती आहेत याचा अंदाज येतो. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, पिशवी, वेळ पडली तर लहान पोरसुद्धा आत जातं आणि जागा धरली जाते. काखेत लेकरू, हातात फराळाचा स्टीलचा डबा, डब्याला बांधलेलं फडकं, आणि पिशवीतून डोकावणारं ओवाळणीचं ताट. पुण्यात हाच दिवस आता बराचसा व्हिडिओ कॉलवर आणि कुरिअरवर उरकतो. नगरकडे तो अजून अंगमेहनतीचा सण आहे. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ‘कुठले पाव्हणं?’ असं विचारल्याशिवाय इथे प्रवास सुरूच होत नाही, आणि पुढच्या दहा मिनिटांत गाव, भावकी, सोयरीक सगळं उलगडलेलं असतं. पण याच शहरात या तिथीची आणखी एक नोंद आहे. ६ नोव्हेंबर २०२१ हा शनिवार, म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जिल्हा रुग्णालयात कोविडसाठी उभारलेल्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या एका दिवसात ११ रुग्ण दगावले. श्राद्ध तारखेने नव्हे, तिथीने करतात. म्हणजे ज्या घरांतून ती माणसं गेली, त्या घरांत दरवर्षी भाऊबीज आणि वर्षश्राद्ध एकाच दिवशी येणार.

कोविड ही राष्ट्रीय आपत्ती होती याबद्दल कोणाचंच दुमत नाही. तरी तिला राष्ट्रीय दिवस नाही. ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता देश दोन मिनिटं थांबतो, २६ नोव्हेंबरला मुंबईत हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, पण महामारीत गेलेल्यांसाठी कॅलेंडरवर एकही चौकट राखलेली नाही. किती गेले यावरसुद्धा एकमत नाही. सरकारी आकडा देशात ५ लाख ३० हजारांच्या पुढे आहे, त्यात महाराष्ट्राचा वाटा सुमारे १ लाख ४८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये पहिल्या दोन वर्षांसाठी ४७ लाखांचा अंदाज मांडला आणि केंद्र सरकारने तो फेटाळला. आकडा ठरत नाही, दिवस ठरत नाही, तेव्हा या शोकाचं स्मरण आपोआप घराच्या उंबऱ्याआत गेलं. माझं म्हणणं त्या उंबऱ्याआतल्या स्मरणाबद्दल आहे. वर्षश्राद्धाला आपण गेलेल्याचं नाव घेतो, गोत्र उच्चारतो, पान वाढतो. त्या दिवसांत ज्यांनी आपल्याला उभं धरलं, त्यांचं नाव मात्र कोणी घेत नाही. बेडसाठी रात्रभर फोन फिरवणारा मित्र, दारात डबा ठेवून जाणारी शेजारीण, अमरधाम स्मशानभूमीच्या फाटकापर्यंत आलेला चुलतभाऊ, सुतकातही गोठा सांभाळणारी जाऊ. घरच्यांचे आभार कसले मानायचे, असं म्हणून आपण हा विषय मिटवतो. तो असा मिटवू नये. त्यांचं ऋण नाव घेऊन, केलेल्या कामासकट सांगितलं जावं, आणि ते फेडण्याची रीत ठरावी. नगर ते अकोले या वाटेवर जे दिसतं, जे घडून गेलं, ते मला या बाजूने बोलणारं वाटतं.

सुरुवात किल्ल्यापासून करावी. नगरचा भुईकोट लष्कराच्या ताब्यात आहे. भोवतीच्या खंदकात रान माजलेलं असलं तरी तट शाबूत आहे आणि ‘नेता कक्ष’ म्हणून ओळखली जाणारी ती बैठी ओळ नीट राखलेली आहे. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीला खास गाडीने इथे आणलं. मौलाना आझाद, नेहरू, वल्लभभाई पटेल, पंत, नरेंद्र देव, असफ अली, कृपलानी, आपले शंकरराव देव, पट्टाभी सीतारामय्या, सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब आणि प्रफुल्लचंद्र घोष अशी बारा माणसं. आरंभी वर्तमानपत्र नाही, पत्र नाही, भेट नाही. कोविड वॉर्डाच्या काचेपलीकडे माणूस जसा तुटला होता, तसंच. १९४३ च्या एप्रिलमध्ये आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्या आजारी असल्याचं आझादांना कळलं होतं, पण सुटकेसाठी त्यांनी सरकारकडे शब्द टाकला नाही. पहाटे उठून, स्वतःचा चहा स्वतः करून ते आपल्या मित्राला, हबीबुर्रहमान खान शेरवानींना, पत्रं लिहीत राहिले. ती पत्रं टपालात पडणार नव्हती, हे ठाऊक असूनही. सुटकेनंतर १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली. दुःखात माणसाला उत्तराची खात्री नसली तरी समोर कोणीतरी आपलं लागतं, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नसेल. आणि नेहरूंचं पहा. याच आवारात १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. त्याच्या पहिल्याच प्रकरणात बंगालच्या दुष्काळाची, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय शोकाची, नोंद आहे, आणि पुस्तक अर्पण केलं आहे ते किल्ल्यातल्या सोबत्यांना. प्रस्तावनेत आझाद, पंत, नरेंद्र देव, असफ अली यांचं ऋण नावानिशी मानलं आहे. जवळच्यांचे आभार मानल्याने माणसं परकी होतात, हा आपला लाडका समज त्या एका पानासमोर टिकत नाही. अडीच वर्षांहून जास्त काळ एका आवारात राहिलेली, एकमेकांची पथ्यं आणि चिडचिड पाठ झालेली माणसं होती ती. त्याहून जवळचं अजून काय असतं?

नगर सोडून कल्याण रस्त्याला लागलं की शहर चटकन संपतं आणि माळरान सुरू होतं. दिवाळीच्या सुमाराला हा मुलूख सगळ्यात देखणा असतो, हे नगरकर सोडून कोणी कबूल करत नाही. ज्वारी वीतभर आलेली असते, तूर फुलावर असते, वाफ्यांतून कांद्याचं रोप लावायला वाकलेल्या बायकांची रांग दिसते. टेकड्यांवरचे समतल चर उन्हात रेघांसारखे उमटतात, आणि मग हिवरे बाजारचा फाटा येतो. पोपटराव पवारांच्या या गावाची पाण्याची गोष्ट सर्वांना तोंडपाठ आहे, तिच्यात पुन्हा शिरत नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत हे गाव मे महिन्यातच कोरोनामुक्त झालं, आणि त्याचं श्रेय गावाच्या शिस्तीला मिळालं. ते योग्यच. पण शिस्त म्हणजे प्रत्यक्षात काय, याचा विचार केला की एक वेगळीच यादी हाती येते. दूधधंद्याच्या गावात एखादं घर विलगीकरणात गेलं तर गायींची धार कोण काढणार? गाय क्वारंटाइन पाळत नाही. उभ्या पिकाला रात्रीच्या लाइटीवर पाणी कोण देणार, डेअरीला दूध कोण घालणार, म्हाताऱ्या आईच्या गोळ्या तालुक्याहून कोण आणणार? कुठल्याही गावाची शिस्त दुसऱ्या घरच्या दोन हातांशिवाय चौदा दिवससुद्धा तग धरत नाही, आणि अहवालात नेमके ते दोन हात येत नाहीत. थोडं पुढे भाळवणी लागतं. इथे तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी हजाराहून अधिक खाटांचं कोविड सेंटर चालवलं होतं. त्याची प्रसिद्धीही भरपूर झाली, त्याच्या राजकीय हिशेबावरही लिहून आलं. दोन्ही बाजूंच्या लिखाणात नेता मध्यभागी आहे. हजार माणसांना दोन वेळ जेवू घालायचं तर किती घरांतून पीठ, भाजी, दूध यायला लागतं, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

इथे एक जोरकस आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. आपत्तीच्या वर्षदिनी नातलगांचे, मित्रांचे गोडवे गायले की शासन सुटतं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा राग रास्त आहे. नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी ऑक्सिजनची टाकी गळली, दोनच दिवसांनी विरारच्या रुग्णालयात आग लागली, त्याआधी जानेवारीत भंडाऱ्यात १० नवजात बालकं गेली होती. इतकं सगळं होऊनही नोव्हेंबरात नगर पेटलं. अशा वेळी ‘आपली माणसं होती म्हणून निभावलं’ हे वाक्य अधिकाऱ्यांना फार सोयीचं असतं. मात्र ते सोयीचं ठरतं ते मोघम असतं म्हणून. कृतज्ञता नेमकी केली की ती उलट्या दिशेने काम करते. भाच्याने रेमडेसिव्हिरच्या एका इंजेक्शनसाठी चार तालुके पालथे घातले, असं म्हटलं की लगेच प्रश्न उभा राहतो: ते इंजेक्शन त्याला शोधावं का लागलं? मित्राने स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर सिलिंडर आडवा टाकून रुग्णाला नगरला आणलं, असं सांगितलं की तालुक्याची रुग्णवाहिका कुठे होती हे विचारावंच लागतं. आपल्या माणसांनी काय काय केलं याची प्रामाणिक यादी म्हणजे व्यवस्थेने काय काय केलं नाही याचीही यादी असते. चौकशी समितीच्या अहवालाची वाट पाहणाऱ्यांनी हा कागद आधी तयार करावा. तो लपवता येत नाही.

टाकळी ढोकेश्वर मागे पडतं, आळेफाट्याला वाट काही काळ पुणे जिल्ह्यात डोकावते आणि बोटा-घारगावकडून पुन्हा नगरमध्ये शिरते. चंदनापुरीचा घाट उतरून संगमनेरच्या बाजूला आलं की रंग पालटतो. प्रवरेचं पाणी, ऊस, कारखान्यांच्या चिमण्या. दिवाळी आटोपताच पाथर्डीकडून आणि बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या या पट्ट्यात उतरतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाजलं, हंडे, कोंबड्यांची पाटी, वर बसलेली पोरं, आणि एखादी म्हातारी जिला गावी ठेवायला कोणी नाही. ऊसतोडीत मजूर एकटा मोजत नाहीत, ‘कोयता’ मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीतला एक गेला की कोयता अर्धा होतो आणि उचलही अर्धीच. कुटुंब म्हणजे माया, जिव्हाळा असं शहरात बसून लिहायला ठीक आहे. इथे कुटुंब हे आधी मजुरीचं माप आहे. त्यामुळे त्याच्याबद्दलची कृतज्ञता भाबडी असून चालणार नाही.

दुसरा आक्षेप या भाबडेपणावरच आहे. कसलं कुटुंब आणि कसले मित्र? त्या दिवसांत सख्ख्या पोरांनी बापाच्या देहाला हात लावला नाही, पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी परक्यांना अग्नी दिला, मुंबई-पुण्याहून आलेल्यांना गावाच्या वेशीवर अडवलं, पॉझिटिव्ह घराकडे लोकांनी बोट दाखवलं. हे सगळं खरं आहे. पण याचा निष्कर्ष काय काढायचा? मला वाटतं, माणसं पळाली म्हणून थांबलेल्यांचं मोल कमी होत नाही, वाढतं. सगळेच धावून आले असते तर ती रीत झाली असती, आणि रीतीचे आभार मानायची गरज नसते. मरणाची भीती खरी असताना जो थांबला, त्याने ते ठरवून केलं. रक्ताचं नातं ही त्याची पुण्याई नव्हे. नगरच्या अमरधामात २०२१ च्या एप्रिलमध्ये दिवसरात्र उभे असलेले पालिकेचे कामगार कोणाचेच नातलग नव्हते. म्हणून कृतज्ञतेची यादी करताना नात्याचा क्रम लावू नये, कामाचा लावावा. मग काही सख्खी नावं त्यातून गळतील. ती गळू द्यावीत. वर्षश्राद्धाला ओशाळवाणी शांतता नको म्हणून आपण सर्वांनाच सारखं पानावर बसवतो, आणि तिथेच थांबलेल्यावर अन्याय होतो.

संगमनेरहून अकोल्याकडे जाताना प्रवरा सोबत करते. समोर सह्याद्री चढत जातो, भाताची खाचरं कापायला आलेली असतात, आणि वाऱ्यावर ओल्या पेंढ्याचा वास असतो. पुढे राजूर-भंडारदऱ्याकडे काळभाताचा मुलूख, महादेव कोळी आणि ठाकरांच्या वस्त्या. नगरच्या माळावरची ज्वारीची भाकरी आणि झणझणीत शिपी आमटी इथे मागे पडते. ताटात नागलीची भाकरी आणि भात येतो. बोलणंही मवाळ होतं. नगरचा माणूस वाक्य आदळतो, अकोल्याचा ते ठेवतो. माझ्या दृष्टीने मात्र अकोल्याचं महत्त्व निसर्गाहून वेगळं आहे. शिक्षक आणि लेखक हेरंब कुलकर्णी यांनी २०२१ मध्ये इथूनच कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीचं काम उभं केलं आणि ते राज्यभर पसरलं. कोविडने ज्यांचे नवरे नेले त्यांतल्या कितीतरी बायका पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या, पदरात शाळकरी मुलं, आणि दवाखान्याच्या बिलाचं कर्ज. समितीने केलेलं काम भाषणाचं नाही, कागदांचं आहे. मृत्यूचा दाखला, वारस नोंद, रेशनकार्ड वेगळं करणं, ५० हजारांच्या सानुग्रह अनुदानाचा अर्ज, मुलांसाठी बालसंगोपन, तालुक्याच्या बैठकीत तहसीलदारांसमोर ती बाई स्वतः उभी राहील याची तजवीज. शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ काढून तालुकास्तरावर समित्या नेमल्या, त्यामागे हा रेटा होता.

आणि या कागदांतच कुटुंबाची खरी परीक्षा दिसते. दशक्रियेला डोळे पुसणारा दीर सातबाऱ्यावर वहिनीचं नाव लावायच्या वेळी तलाठी कार्यालयात फिरकत नाही. सासू म्हणते, नातवंडं आमची, जमीन आमची, तू माहेरी जा. माहेरी भावजय दुसऱ्या महिन्यात विचारते, किती दिवस राहणार? हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही यावर घरातल्या बायकाच एकमेकींकडे बघतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढलं; पण ठराव कपाळावरचं कुंकू राखू शकतो, सातबाऱ्यावरचं नाव नाही. उलट बाजूचा दाखला याच जिल्ह्यात आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याला ज्यांचं नाव मिळालं त्या अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले तेव्हा अहिल्याबाईंचं वय तिशीच्या आत. सासरे मल्हारराव यांनी सुनेला सती जाऊ दिलं नाही, तिच्यावर दौलतीच्या कारभाराचा भार टाकला. पुढची जवळपास तीन दशकं माळव्यात जो राज्यकारभार झाला त्याच्या मुळाशी एका सासऱ्याचा तो निर्णय आहे. आपण अहिल्याबाईंचे पुतळे उभारतो, आणि मल्हाररावांची ती एक गोष्ट घरात करत नाही. जिल्ह्याच्या पाटीवर एका विधवेचं नाव आहे आणि त्याच जिल्ह्यातल्या फेरफार नोंदवहीत विधवांची नावं लागायला माणसं मागे लागावी लागतात, ही विसंगती मला पुतळ्यांच्या उंचीपेक्षा जास्त बोलकी वाटते.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जुना आणि सगळ्यात मराठी आहे: आपल्याकडे बोलून दाखवत नाहीत, करून दाखवतात. आभार वगैरे साहेबाची रीत. हे म्हणणं मला अर्धं मान्य आहे. नगरकडचा बाप मुलाला ‘थँक्यू’ म्हणणार नाही, आणि म्हणालाच तर पोरगा घाबरेल. पण मग करून दाखवण्याची पाळी आली की ते दिसायला हवं. ज्या बाईने नवऱ्याच्या आजारपणात सासूची, दिराची, स्वतःच्या पोरांची अशी सगळ्यांची शुश्रूषा केली, तिचं ऋण शब्दांत मानू नका, हवं तर मानूच नका. तिचं नाव जमिनीला लावा. ज्या मित्राने बिल भरायला उसने दिले त्याचे पैसे वर्षदिनाच्या आत परत करा. शब्द नाहीत आणि कृतीही नाही, अशा वेळी ‘आमच्यात बोलून दाखवत नाहीत’ ही सबब उरते, संस्कृती नव्हे.

भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात नोट टाकताना भावांनी एवढं करावं. बहिणीच्या घरी गेल्यावर सातबारा मागून पाहावा, वारस नोंद झाली नसेल तर सुट्टी संपताच तिच्याबरोबर तलाठ्याकडे जावं. बाप किंवा आई गमावलेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात, आणि त्याचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात घेतात.